टाकी किती लिटरची आहे?

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या वर्षी आम्ही साताऱ्यातील आमच्या घराचा वरचा मजला पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने देऊ लागलो. दोन खोल्या, छोटेसे स्वयंपाकघर, बाहेरून वेगळा जिना आणि गच्चीवरून समोर दिसणारा अजिंक्यतारा, एवढेच आमचे भांडवल. ऑगस्टच्या अखेरीपासून कासच्या फुलांसाठी, सप्टेंबरात यवतेश्वराच्या घाटातील हिल मॅरेथॉनसाठी, पावसाळ्यात ठोसेघरच्या धबधब्यासाठी, थंडीत वासोट्यासाठी आणि सज्जनगडासाठी तर बाराही महिने माणसे साताऱ्यात येतच असतात. त्यातून २०१२ साली कासचे नाव जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून हंगामातल्या शनिवार-रविवारी गावात खोली मिळणे मुश्कील झाले आहे. त्यामुळे गिऱ्हाईक मिळेल का, ही चिंता आम्हाला कधी पडली नाही. चिंता होती ती निराळीच होती. ज्याचे नावही कालपर्यंत ठाऊक नव्हते, त्याच्या हाती आपल्या घराची किल्ली द्यायची ती कशाच्या भरवशावर?

मी सत्तावीस वर्षे बँकेत होते आणि त्यातील बरीच वर्षे कर्ज विभागात गेली. समोर बसलेल्या माणसाची पारख आपल्याला येते, असा त्यामुळे माझा पक्का समज होता. पहिल्या हंगामात खोली बुक करण्याच्या ॲपवरून आलेली प्रत्येक विनंती मी त्याच तोऱ्यात वाचत असे. आधी आडनाव, मग गाव, मग फोटो. आपल्याकडे अनोळखी माणूस दारात आला की ‘कुठले पाव्हणे?’ आणि त्यापाठोपाठ ‘कुणापैकी?’ हे दोन प्रश्न ठरलेले असतात, आणि दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर चहा ओट्यावर द्यायचा की माजघरात, हे पूर्वी ठरत असे. मी तेच ॲपवर करत होते, हे कबूल करायला मला आता लाज वाटते. एअरबीएनबी या ॲपने २०१८ साली पाहुण्याचा फोटो बुकिंग पक्के होईपर्यंत यजमानाला न दाखवण्याचे ठरवले, त्याचे कारण जगभरच्या यजमानांचा हाच दोष होता. तो नियम प्रथम वाचला तेव्हा मला तो अडचणीचा वाटला होता, हेही इथेच सांगून टाकते.

माझी पारख किती खरी, हे मला ‘आपल्यातल्याच’ माणसांनी दाखवून दिले. एका जुन्या मैत्रिणीचा फोन आला की तिच्या भाच्याचे चार मित्र पुण्याहून कासला येणार आहेत, मुले चांगल्या घरची आहेत, ॲपचे कमिशन कशाला भरायचे, मी आहे ना. ती आहे म्हटल्यावर मी एकही प्रश्न विचारला नाही. ओळखपत्र मागणे तर मैत्रिणीचा अपमान झाला असता. शुक्रवारी रात्री साडेअकराला दोन गाड्या आल्या आणि जिन्यावरून पावले वाजू लागली, ती वाजतच राहिली. सकाळी मी दूध घ्यायला बाहेर पडले तेव्हा जिन्याच्या तळाशी चिखलाने भरलेले बूट, सँडल आणि चपला पडलेल्या होत्या. मी उभ्या उभ्या मोजले. अकरा जोड होते.

आमच्याकडे नळाला पाणी सकाळीच येते आणि वरच्या मजल्याची टाकी हजार लिटरची आहे. शहरी पाणीपुरवठ्याचे आराखडे करताना माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. त्या हिशेबाने चौघांना ५४० लिटर लागतात आणि टाकी जवळजवळ अर्धी उरते. अकरा जणांना १,४८५ लिटर लागतात, म्हणजे टाकी दुपारीच कोरडी. ती तशीच झाली. मुलांनी खालच्या टाकीतून पाणी चढवायला परस्पर मोटार लावली आणि ती तशीच चालू ठेवून गाडी कासकडे काढली. खालची टाकी उपसून गेल्यावर मोटार कोरडी फिरत राहिली आणि जळाली. पलंगाची एक फळी मोडलेली निघाली, गच्चीवर बाटल्या सापडल्या, आणि शेजारच्या काकांनी रात्री दोन वाजेपर्यंत चाललेल्या गाण्यांची हकीकत मला क्रमाने ऐकवली. पैसे चौघांचेच मिळाले. व्यवहार ॲपबाहेर झाला असल्याने तक्रार कुठे करणार? मैत्रिणीला मोटारीचे बिल सांगणे मला जमले नाही.

बँकेत असताना हे मला शंभरदा दिसले होते, तरी मी शिकले नव्हते. अनोळखी अर्जदाराचे कागद आम्ही उलटसुलट तपासत असू. साहेबांच्या ओळखीतून आलेल्या अर्जावर मात्र ‘माहितीतले आहेत’ एवढा शेरा पुरे होई, आणि मार्चअखेरीस थकबाकीच्या यादीत नेमके तेच नाव वर असे. ओळख ही जामीन नव्हे. तिने फक्त प्रश्न विचारायचे राहून जातात.

तेव्हापासून मी माणसाची चौकशी सोडून मुक्कामाची चौकशी सुरू केली. विनंती आली की मी ॲपमधूनच एक छोटा निरोप पाठवते आणि त्यात विचारते की मोठे किती, लहान किती, गाड्या किती, साताऱ्यात कशासाठी येणे आहे आणि साधारण किती वाजता पोहोचाल. यातला प्रत्येक प्रश्न असा आहे की त्याच्या उत्तरावर मला काहीतरी करावे लागते: गादी टाकायची असते, शेजाऱ्यांना दारातली गाडी हलवायला सांगायची असते, गीझर लावायचा असतो. ज्या उत्तराचे मी काहीच करणार नाही, तो प्रश्न मी विचारत नाही. आडनाव त्यातच गळले.

शेवटी मी लिहिते, ‘घराच्या अटी वाचल्या असतील तर आमची टाकी किती लिटरची आहे, ते कृपया कळवावे.’ हा आकडा अटींच्या मजकुरात शेवटून दुसऱ्या ओळीत आहे, आणि पाहुण्यांची संख्या सहाच्या वर का नको, हे त्या ओळीतच समजावून सांगितले आहे. हा प्रश्न आमच्या ह्यांना सुरुवातीला फारच शाळामास्तरी वाटला. पण त्याचा उपयोग मला अपेक्षेपेक्षा जास्त झाला. ज्यांनी अटी वाचलेल्या असतात ते लगेच ‘हजार’ लिहितात आणि बहुतेक वेळा जोडीला स्वतःचाही एखादा प्रश्न विचारतात. मॅरेथॉनचे धावपटू पहाटे चारला गरम पाणी मिळेल का आणि केळी जवळ कुठे मिळतील, हे विचारतात. असे विचारणाऱ्या माणसाने मला आजवर त्रास दिलेला नाही. ज्यांनी अटी वाचलेल्या नसतात त्यातले बरेच जण निरोप पाहून मग वाचतात, तेही चालते. आणि ज्यांचा बेत वेगळाच असतो ते चिडतात. ‘पैसे देतोय ना, टाकी कशाला?’ असे उत्तर आले की मी नम्रपणे नकार देते आणि त्यानंतर वाद घालत नाही.

एकच गोष्ट अजून अवघड जाते, आणि ती म्हणजे गावातल्याच माणसाचे एका रात्रीचे बुकिंग. घर त्याच गावात असताना कुणी ऐनवेळी एक रात्र मागतो, तेव्हा पुष्कळदा घरी न चालणारी पार्टी त्यामागे असते, हे यजमान मंडळींना ठाऊक असते. म्हणून सातारचाच पत्ता दिसला की मी पूर्वी थेट नकार देत असे. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत अशीच विनंती आली, एक मोठा माणूस, एक मुलगी आणि एक रात्र. नकाराच्या बटणावर बोट गेले होते, पण नियम म्हणून आधी निरोप पाठवला. उत्तर आले की शेजारच्या घरी लग्न आहे, मांडवात डीजे लावला आहे आणि मुलीचा सकाळी बारावीचा पेपर आहे. ती मुलगी रात्री एकपर्यंत वरच्या खोलीत मोठ्याने रसायनशास्त्र घोकत होती, आणि सकाळी वडिलांनी चादरीची घडी इतकी नेटकी घालून ठेवली होती की ती उलगडताना मला अपराधी वाटले.

अविवाहित जोडप्यांचा प्रश्न मी फार ताणणार नाही. दोन सज्ञान माणसांनी एका खोलीत राहायला लग्न झालेले असावे, असा कायदा नाही. ओळखपत्र दोघांचेही असले आणि वय अठराच्या वर असले की माझे काम संपते. शेजारी काय म्हणतील, याची भीती मला होती. पण शेजाऱ्यांनी आजवर आवाजाची, गाडीची आणि कचऱ्याची तक्रार केली आहे, मंगळसूत्राची केलेली नाही.

ओळखपत्र मात्र प्रत्येक मोठ्या माणसाचे, आणि ते किल्ली देण्यापूर्वी दारातच पाहायचे, हा नियम मी कुणासाठीही मोडत नाही. बुकिंग करणारा स्वतः आलाच पाहिजे. काका बुकिंग करणार आणि पुतणे राहणार, हे आमच्याकडे चालत नाही. आधारची पूर्ण प्रत घेऊन ती मोबाइलमध्ये साठवणे मला धोक्याचे वाटते, म्हणून ज्यावर फक्त शेवटचे चार आकडे दिसतात असे मास्क्ड आधार मी मागते, किंवा मग वाहन परवाना. चेहरा आणि नाव जुळले की वहीत नाव, गाव, फोन, येण्याची वेळ आणि जाण्याची तारीख लिहून सही घेते. व्हॉट्सॲपवर कार्डांचे फोटो मागवत नाही. कॅमेरा एकच आहे, तो जिन्याच्या तोंडाशी, आणि तो असल्याचे अटींत लिहिलेले आहे.

परदेशी पाहुण्याच्या बाबतीत चालढकल चालत नाही. तो आल्यापासून चोवीस तासांच्या आत त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन भरावी लागते, आणि हे बंधन मोठ्या हॉटेलांप्रमाणेच घरगुती निवासालाही आहे. पासपोर्ट आणि व्हिसा दोन्ही त्यासाठी लागतात. नेमका लॉगिन करतानाच वीज जाते, हा आमच्या आळीचा स्वतंत्र नियम असावा.

आता फसवणुकीविषयी, कारण ती साताऱ्यात एका खास वाटेने येते. हा सैनिकांचा जिल्हा आहे. ज्या गावाच्या नावातच मिलिटरी आहे ते अपशिंगे इथलेच, आणि १९६१ साली सुरू झालेली सैनिक स्कूलही इथेच. फौजी म्हटला की आमच्याकडे खुर्ची आपोआप पुढे सरकते. हे हेरूनच मला एकदा फोन आला. हिंदीत बोलणारा, अतिशय अदबशीर माणूस; बदली होऊन येत आहे, कुटुंबासाठी आठ दिवस खोली हवी, भाडे आगाऊ पाठवतो. पाठोपाठ गणवेशातला फोटो आणि ओळखपत्राचा फोटोही आला. मग एक क्यूआर कोड आला आणि सांगण्यात आले की लष्कराच्या खात्यातून पैसे यायचे असल्याने मी तो स्कॅन करून पिन टाकावा. सत्तावीस वर्षांच्या नोकरीने तिथे मात्र मला वाचवले. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो पैसे देण्यासाठी. मी त्यांना म्हटले की बुकिंग ॲपवरून करा आणि टाकी किती लिटरची आहे ते कळवा. फोन बंद झाला. खरा फौजी आला तर त्याला मी आजही आधी चहा देते, पण वहीत सही त्याचीही घेते, आणि कागद दाखवायची सवय असल्यामुळे त्याला त्याचे काही वाटतही नाही.

पाहुणे गेल्यावर त्यांच्याविषयी खरे ते लिहिणे, हाही याच कामाचा भाग आहे. गोड माणसांविषयी सगळेच लिहितात; त्रास दिलेल्यांविषयी मात्र ‘जाऊ दे’ म्हणून आपण गप्प बसतो आणि पुढच्या यजमानाला अंधारात ठेवतो. एअरबीएनबीवर दोन्ही बाजूंना चौदा दिवसांची मुदत असते आणि दोघांनी लिहीपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत एकमेकांचे लिखाण दिसत नाही. त्यामुळे सूडाची भीती बाळगण्याचे कारण उरत नाही. मी चार ओळीच लिहिते: किती जण सांगितले, किती जण आले, आवाज कसा होता, खोली कशी सोडली.

गेल्या डिसेंबरात त्याच मैत्रिणीचा पुन्हा फोन आला. या वेळी तिच्या जाऊबाईंच्या ओळखीचे कुणी वासोट्याला निघाले होते. मी तिला खोलीची लिंक पाठवली आणि सांगितले की त्यांनाच तिथून विनंती करू दे. ती क्षणभर थांबली, मग ‘बरं’ म्हणाली. त्या ‘बरं’मध्ये थोडा राग होता. तासाभराने निरोप आला: दोन मोठे, दोन मुले, एक गाडी, बामणोलीहून सकाळची बोट धरायची असल्याने साडेपाचला निघणार, आणि टाकी हजार लिटरची. शनिवारी पहाटे मी गीझर लावायला उठले तेव्हा जिन्याच्या तळाशी चार जोड होते, आणि त्यातल्या सर्वांत छोट्या बुटाची नाडी सुटून पायरीवर लोंबत होती.