रोझमेरी : तिसरे रोप गेले, पण हुंडीचे कोडे उकलले

भाद्रपदाच्या अखेरच्या आठवड्यात माझे रोझमेरीचे तिसरे रोपही गेले. मागील नोंदीत ज्या मिश्रणाचे मी एवढे कौतुक केले होते, त्यातच ते गेले. नाशिकची काळी माती या भूमध्यसागरी झुडपाला मानवत नाही, हे पहिल्या रोपाने शिकवले होते; म्हणून या वेळी दोन भाग चाळलेला मुरूम, एक भाग पर्लाइट (उष्णतेने फुगवलेले ज्वालामुखीय काचेचे हलके, पांढरे दाणे) आणि एक भाग माती घेतली होती. तरीही शेंड्यांनी माना टाकल्या.

रोप फेकण्यापूर्वी या वेळी मी हुंडी, म्हणजे मुळांना धरून असलेला मातीचा गोळा, सुरीने उभी चिरली. पाऊस थांबून तीन दिवस झाले होते आणि बाहेरचा मुरूम मुठीतून भुरभुर सुटत होता. मधोमध मात्र रोपवाटिकेच्या पिशवीच्या आकाराचा कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) गोळा जसाच्या तसा शाबूत होता. तो पिळताच पाणी निथळले. आतील मुळे काळी पडली होती आणि बोटांनी ओढताच त्यांची साल सुटून येत होती. कोकोपीटचे बारीक कण केशाकर्षणाने पाणी घट्ट धरून ठेवतात आणि भोवतालच्या जाड मुरुमाला ते पाणी ओढून घेता येत नाही, त्यामुळे बाहेरचा निचरा मी जितका सुधारला, तितके आतले डबके जणू एकटे पडले. त्यात कुजलेल्या मुळांना पाणी शोषता येत नसल्याने शेंडे झुकले, तर ती तहान समजून मी आणखी तांब्याभर पाणी घातले!

‘हुंडी फुटू देऊ नका’ हा रोपवाटिकेतला सल्ला गुलाबाला ठीक असेल; कोकोपीटमध्ये वाढवलेल्या रोझमेरीची हुंडी मात्र बादलीतल्या पाण्यात हलकेच धुऊन मुळे मोकळी करावीत, अशा मतापर्यंत मी आलो आहे. तळाशी खापऱ्या घालण्याची सवयही मी सोडत आहे, कारण पाणी खापऱ्यांवर, मिश्रणाच्या तळच्या थरातच अडून राहते. खापऱ्यांमुळे तो ओला थर फक्त मुळांच्या अधिक जवळ येतो.

एक समाधान आहे. हे रोप टवटवीत असताना, आषाढात, मी बोटभर लांबीची आठ फाटे कलमे चाळलेल्या जाड वाळूत लावली होती. त्यांपैकी तिघांना सहा आठवड्यांत पांढरीशुभ्र मुळे फुटली. यासाठी बागकामाच्या दुकानातली नाजूक, महागडी कात्री घेऊ नये. द्राक्षछाटणीची साधी कात्री काडी न चिरडता स्वच्छ कापते आणि आपल्याकडे ती सहज मिळते. कलमांची खालची पाने खुडल्यावर उरलेला पाला मी तुपात मंद आचेवर परतून त्यात उकडलेले छोटे बटाटे घोळवले. अर्धा किलो बटाट्यांना चार इंचांची एक डहाळी पुरते. दुसरी घातली की कापराची चव वर येते आणि घरचे ‘बाम लावला का?’ असे विचारतात.

चौथे रोप विकत आणून त्याची हुंडी धुण्याचा बेत होता, परंतु ही नोंद लिहिता लिहिता तो मला निरर्थक वाटू लागला आहे. वाळूतल्या कलमांना कोकोपीटचा स्पर्शच नाही, मग नवे दुखणे कशाला आणावे? ही तीनही कलमे ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरल्यावर खोल मातीच्या कुंड्यांत जातील. शिवाय आत्ताच सुचले : तळाच्या भोकातून सुती दोरीची वात ओवून ती वीतभर खाली लोंबती ठेवली, तर तळच्या थरातले पाणी ती खाली ओढून घेईल. सुती दोरी मात्र कुजेल, तेव्हा जुन्या पोछ्याचे कृत्रिम धागे वापरून पाहतो. एका कुंडीत वात, दुसरीत नाही, असे ठेवून पाणी घातल्यावर दोन्हींचे वजन रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर करीन. तिसरे कलम मात्र राखीव. थंडीत द्राक्षांप्रमाणे रोझमेरीवरही भुरी (पानांवर पांढरी पूड दिसणारी बुरशी) येते आणि खाण्याच्या पाल्यावर मला फवारणी करायची नाही, म्हणून ते दोघांपासून लांब, वाऱ्याच्या तोंडाशी, पश्चिमेच्या कठड्याजवळ ठेवणार आहे.