बोटांना विचारा

परवा ऑफिसात नवीन जॉइन झालेला मुलगा शेजारी बसून माझा कोड बघत होता, मध्येच म्हणाला, "अरे थांब थांब, ती ओळ आख्खी वर कशी गेली? काय दाबलंस आत्ता?" आणि मी गप्प. खरंच सांगता येईना. दिवसातून शंभरदा दाबत असेन, पण तोंडाने सांगायचं म्हटलं तर डोकं कोरं. शेवटी त्याच्यादेखतच पुन्हा केलं आणि खाली वाकून बघितलं, अंगठा ऑल्टवर, दुसऱ्या हाताचं बोट वरच्या बाणावर. मग "ऑल्ट आणि वरचा बाण, सोप्पंय" असं वर तोंड करून सांगितलं.

हात बसतो म्हणतात तो असा.

माझा सगळ्यात जास्त हात बसलाय तो व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमधल्या कंट्रोल डीवर. शब्दावर कर्सर ठेवून एकदा दाबलं की शब्द सिलेक्ट, परत दाबलं की पुढे जिथे तोच शब्द असेल तो, परत दाबलं की त्याच्या पुढचा, असे सातआठ कर्सर एकदम लुकलुकायला लागतात आणि मग एका ठिकाणी टाइप करा, आठही ठिकाणी उमटतं. एक जास्तीचा पकडला गेला तर कंट्रोल यू, शेवटचा सुटतो. फक्त सुरुवातीला शब्द माउसने ओढून सिलेक्ट केलात तर तो दुसऱ्या मोठ्या शब्दाच्या पोटातला तुकडाही उचलतो, हे मी एक आख्खी संध्याकाळ घालवून शिकलोय.

विम नावाचा एडिटर वापरणाऱ्यांचं तर अजून भारी. एच जे के एलने कर्सर हलवतात, का, तर १९७६ च्या सुमारास बिल जॉयने विमचा पूर्वज व्हीआय लिहिला तेव्हा त्याच्या एडीएम-३ए टर्मिनलवर, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड असलेल्या यंत्रावर, बाण त्याच चार बटणांवर छापलेले होते! ते टर्मिनल कधीच भंगारात गेलं, बोटं अजून तिथेच.

त्यांना काय हसायचं म्हणा. वर्डमध्ये कंट्रोल डी दाबलं की फॉन्टची खिडकी उघडते, ती मी रोज निमूटपणे बंद करतो. आणि ब्राउझरमध्ये कंट्रोल डी म्हणजे बुकमार्क. परवा सहज यादी उघडली, तर त्यात एक कोरा टॅब, तीनदा लॉगिनचं पान आणि एक "हे पान सापडलं नाही" असं सांगणारं पानही मी जपून ठेवलेलं आहे.