निळा धूर

बाबांच्या जुन्या १०० सीसी बाइकचं इंजिन आज गॅरेजमध्ये उघडलं. सकाळी स्टार्टला क्षणभर निळा धूर आणि मग साफ, म्हणजे ऑइल जळतंय आणि दोष व्हॉल्व्ह सीलचा, व्हॉल्व्हवरून ऑइल आत झिरपू न देणाऱ्या रबराचा. रेस दिल्यावर धूर येतच राहिला तर पिस्टनच्या रिंगा, असं मिस्त्रींनी समजावलं. आमचं सीलवरच भागलं, हायसं वाटलं! काढलेलं सील हातात घेतलं तर रबर पार कडक, नखाने तुकडा पडला.

यामाहाची जुनी आरएक्स १०० बाइक टूटी ऑइल (पेट्रोलसोबत जळणारं) जाळायचीच, टू-स्ट्रोकची बनावटच तशी. पण नवी गाडी ऑइल पीतच नाही असं नाही. काही कारच्या मॅन्युअलमध्ये १००० किलोमीटरला अर्धा लिटर खपही चालतो म्हणून लिहिलेलं असतं. बाइकमध्ये मुळात लिटरभरच ऑइल. तेव्हा मित्रांनो, गाडी सेंटर स्टँडवर लावून डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघत जा. पुसून, आटे न फिरवता नुसती आत टेकवून.