एनसी, चॅप्टर आणि आप्पांचं मनगट

तहसीलमधून आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या नावाने नोटीस आली, त्यात त्यांचं वय २७ लिहिलं होतं. खरं वय ७२. ‘सदर इसम भांडखोर वृत्तीचा असून त्याच्यापासून सार्वजनिक शांततेचा भंग होण्याची दाट शक्यता आहे, तरी एक वर्ष शांतता राखण्याचे बंधपत्र का घेऊ नये’ हा मजकूर छापील, नाव-गाव-वय तेवढं निळ्या पेनाने भरलेलं. सदर इसम तेव्हा उजवा हात गळ्यात अडकवून ओसरीवर बसला होता आणि आई त्याला भाकरी कुस्करून भरवत होती.

त्या नोटिशीचा राग अजून गेलेला नाही. हे लिहायला बसलो ते त्या रागातूनच, तेव्हा भाषा कुठे तिखट वाटली तर समजून घ्या.

झालं ते असं. जानेवारी २०२५. शेजारच्या रानातला ऊस तुटून गेला आणि चुलतभावाने नांगरट करताना आमचा बांध हातभर कोरला. आप्पा ट्रॅक्टरपुढे जाऊन उभे राहिले. त्याने खाली उतरून काठी मारली. आप्पांनी हात आडवा धरला म्हणून ती मनगटावर बसली, नाहीतर डोक्यातच होती. दुसऱ्यांदा काठी वर गेली तेव्हा माझ्या हातात पाण्याच्या पाईपचा तीनेक फुटांचा तुकडा होता, तो मी त्याच्या कपाळावर हाणला. काठी खाली पडली. मी थांबलो. खरं सांगायचं तर आणखी दोन द्यायची फार इच्छा होती. बायकोने मागून ओरडून नाव घेतलं, म्हणून हात खाली आला. तो खाली आला म्हणून आज मी बऱ्या स्थितीत आहे, हे नंतर वकीलबाईंनी तीनदा सांगितलं.

बायकोने तेवढ्यात ११२ ला फोन लावला होता. गाडी आली चाळीस मिनिटांनी. हे मुद्दाम सांगतोय, कारण ठाण्यात पहिला प्रश्न हाच आला, की हात उचलायच्या आधी पोलिसांना का नाही बोलावलं? कायद्यात तशी अट आहे खरी. पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर बचावाचा हक्क मिळत नाही. पण काठी वर जाते आणि खाली येते, यात किती वेळ असतो?

ग्रामीण रुग्णालयात रविवारी रात्री एक्स-रे काढायला माणूस नव्हता. डॉक्टरांनी मनगट दाबून पाहिलं, पट्टी बांधली, ‘साधी दुखापत’ असं लिहिलं. चुलतभाऊ आमच्या आधी पोचला होता, त्याला तीन टाके. त्या दोन कागदांनी पुढचे एकोणीस दिवस खाल्ले.

ठाण्यात गेलो नऊ वाजता. ठाणे अंमलदाराने आधी दोन्ही मेडिकल समोरासमोर ठेवले, मग माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. “त्याला तीन टाके. तुझ्या अंगावर ओरखडा नाही. मग मारलं कुणी?”

या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आता आहे. भारतीय न्याय संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून जी लागू झाली तिच्यात, कलम ३४ ते ४४ हे बचावाच्या हक्काबद्दल आहेत. जुन्या भारतीय दंड संहितेत हीच ९६ ते १०६ होती. त्यात आधी मार खाल्ला पाहिजे असं कुठेच लिहिलेलं नाही. हल्ला होणार ही भीती वाजवी असली की हक्क सुरू होतो, भीती संपली की हक्कही संपतो. स्वतःच्याच नाही, दुसऱ्या कुणाच्याही अंगावर हल्ला होत असला तरी तो हक्क आहे. म्हणजे मार आप्पांना आणि पाईप माझा, हे कायद्यात बसतं. मात्र गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. आणि ती गरज सोन्याच्या काट्यावर तोलायची नसते, हेही न्यायालयांनी पूर्वापार म्हटलेलं आहे.

पण रात्री नऊ वाजता ठाण्यातल्या बाकावर हे काही आठवत नाही. मोबाईल काढून घेतला. “बस तिकडं.” मी विचारलं, साहेब, मला अटक केलीय का? “अटक कुठं केलीय? बसवलंय.” हे ‘बसवणं’ कुठल्या कलमात येतं ते मला अजून सापडलेलं नाही. अटक केली असती तर कारण सांगावं लागलं असतं, घरच्यांना कळवावं लागलं असतं, वकिलाला भेटू द्यावं लागलं असतं, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे न्यावं लागलं असतं. बसवलेल्या माणसाचं असलं काही करावं लागत नाही. घड्याळाखाली बसून मी पावणेदोन वाजेपर्यंत ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ ही पाटी वाचत होतो. मधे पाणी प्यायला उठलो तर एका शिपायाने कॉलर धरून मागे ओढलं. मी त्याचा हात झटकला. “तीनशे त्रेपन्न टाकू का? सरकारी कामात अडथळा?”

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर उलटंच फिरत असतं. पोलीस आपल्या हुद्द्याच्या नात्याने, सद्भावनेने काही करत असेल आणि त्यात जिवाची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती नसेल, तर त्याच्याविरुद्ध बचावाचा हक्क नाही. त्याचं करणं कायद्याला काटेकोर धरून नसलं तरी नाही. कॉलर धरणं यात सद्भावना किती हा वाद नंतर कोर्टात घालता येतो, ठाण्यात हाताने घालायचा नाही. ३५३ चं आता १३२ झालंय, पण धमकी जुन्याच नंबराची देतात. कलम अजामीनपात्र आहे. मी हात मागे बांधून बसलो. अपमान गिळला, दुसरं काय करणार.

रात्री दोनला दोन एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदी झाल्या. त्याची आमच्यावर, आमची त्याच्यावर. माझ्या जबाबात हवालदाराने लिहिलं, ‘आमच्यात बांधाच्या कारणावरून भांडण झाले.’ मी म्हटलं, भांडण नाही हो, त्याने मारलं, मी वाचवलं. “एकच ते. कर सही.” मी केली.

ती सही ही माझी सगळ्यात मोठी चूक. ठाण्याकडे भांडणासाठी रकाना आहे, बचावासाठी नाही. आणि एकदा का कागदावर ‘आमच्यात भांडण’ आलं की मारणारा आणि वाचवणारा एकाच ओळीत बसतात. आपण बचाव केला हे दाखवायची जबाबदारी साक्ष अधिनियमाप्रमाणे आपल्यावरच असते. पहिल्या जबाबात ते नसलं तर समोरचा वकील म्हणणारच, हे नंतर सुचलेलं दिसतंय. म्हणून काठी कितव्यांदा वर गेली, ती पडल्यावर तुम्ही थांबलात की नाही, हे तुमच्या शब्दांत उतरल्याशिवाय सही करू नका. जबाब वाचून दाखवा म्हणा. तोंड वाकडं करतील, करू द्या.

मंगळवारी खासगीत एक्स-रे काढला. मनगटाचं हाड मोडलेलं. हाड मोडलं की ती कायद्याने ‘जबर दुखापत’ होते, न्याय संहितेचं कलम ११७(२), सात वर्षांपर्यंत शिक्षा, आणि दखलपात्र, म्हणजे पोलिसांना थेट तपास करता येतो असा गुन्हा. म्हणजे एनसी संपली, आता गुन्हा दाखल व्हायलाच हवा. मी एक्स-रेचा तो मोठा पिवळा लखोटा काखेत घालून आनंदाने ठाण्यात गेलो. आनंद कसला म्हणा, बापाचं हाड मोडल्याचा. पण खोटं कशाला बोलू, झाला होता.

“एनसी झालीय ना? मग आता परत कशाला?” हे पहिल्या दिवशीचं उत्तर. दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या दिवशी, खासगी दवाखान्याचा रिपोर्ट चालत नाही, सरकारी आणा. सरकारी आणला, तेच हाड तिथेही मोडलेलं निघालं. मग, ज्यांनी एनसी घेतली ते हवालदार रजेवर. मग, “भावकीतलं आहे, मिटवून टाका, कशाला कोर्टाच्या पायऱ्या झिजवता.” मग, म्हातारबांना घेऊन या, पुरवणी जबाब घेतो. आप्पांना गाडीवर बसवून नेलं, दोन तास बसवलं आणि उद्या या म्हणाले. साठीच्या पुढच्या पुरुषाला साक्षीसाठी ठाण्यात बोलवता येत नाही, पोलिसांनी त्याच्या घरी यायचं असतं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी कामकाजाचा नवा कायदा, कलम १७९), हे मला चार दिवसांनी कळलं. बायकांनाही तेच लागू आहे. कळल्यावर मी तसं म्हणालो, तर हवालदाराने अगदी आश्चर्याने विचारलं, “वकील केला का काय?”

केला होता. वकीलबाईंनी पहिलं काय विचारलं असेल? अर्जाची पोच आहे का. नव्हती. मी रोज जाऊन तोंडाने बोलून येत होतो. ठाण्याच्या लेखी मी तिथे गेलोच नव्हतो.

मग अर्ज लिहिला, एक पानाचा. आवक-जावकच्या टेबलावर शिक्का मारायला नकार, ‘साहेबांना विचारून सांगतो.’ तोच अर्ज ठाण्याच्या ईमेलवर पाठवला. तक्रार आता इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही देता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. सहीला गेलो तर साहेबांनी नवीन कारण काढलं, ‘प्राथमिक चौकशी सुरू आहे, चौदा दिवस लागतात.’ वकीलबाईंनी त्याच नागरिक सुरक्षा संहितेतल्या कलम १७३(३) ची छापील प्रत काढून त्यातल्या एका शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारून दिली. चौदा दिवसांची चौकशी तीन वर्षे किंवा जास्त, पण सातपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांना आहे. आपल्याला सात आहेत. साहेबांनी तो कागद वाचला, घडी घातली आणि मला परत दिला. बोलले काहीच नाहीत.

बाराव्या दिवशी नोटीस आली ती ही, वय २७ वाली. गुन्हा दाखल करायला वेळ नव्हता, पण आप्पा, मी आणि चुलतभाऊ तिघांवर चॅप्टर, म्हणजे शांतताभंग होऊ नये म्हणून आधीच करायची कारवाई, करायला होता. त्याच संहितेचं कलम १२६, जुनं १०७. तहसीलदारांपुढे हजर राहून जामीनदार द्या, वर्षभर नीट वागेन असं लिहून द्या. घाबरून बरेच जण पहिल्या तारखेलाच बॉंड लिहून देतात आणि मोकळे होतात. आप्पाही तयार होते, “देऊन टाक, माझं काय जातंय.” मी देऊ दिला नाही. असल्या आदेशात नेमकी काय माहिती मिळाली त्याचा सारांश लिहावा लागतो. आमच्या नोटिशीत छापील वाक्यांपलीकडे काही नव्हतं, ना तारीख, ना घटना. तेवढीच हरकत लेखी दिली. वयाचं दाखवलं तर कारकून म्हणाला, “टायपिंग मिस्टेक.” निळ्या पेनाची. पुढे चार तारखा पडल्या, दोनदा तहसीलदार दौऱ्यावर होते, आणि सहा महिने उलटल्यावर प्रकरण आपोआप संपलं. तशी मुदतच आहे.

गुन्हा दाखल झाला तो नोटिशीमुळे नाही, टपालामुळे. ठाण्याने नकार दिला तर तक्रारीचा सार लेखी पोलीस अधीक्षकांना पाठवायचा, कलम १७३(४). तिथेही नाही झालं तर शपथपत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. मी रजिस्टर एडीने पाठवलं. सोबत दोन्ही एक्स-रे रिपोर्ट, ११२ च्या कॉलचा स्क्रीनशॉट, ईमेलची प्रत, आणि मी ठाण्यात कोणत्या तारखेला किती वाजता गेलो त्याची यादी. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर घ्यावाच लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्येच ललिता कुमारी प्रकरणात सांगितलंय, तेही वकीलबाईंनी दोन ओळींत टाकलं. गुलाबी पोचपावती परत आली आणि तिसऱ्या दिवशी ठाण्यातून फोन. “या ना, तुमची फिर्याद घ्यायचीय. बाबांना आणू नका, आम्ही घरी येतो.” तोच आवाज. ‘या ना’ ऐकून मी फोन हातात धरून हसलो. तो एकोणिसावा दिवस.

फिर्याद मी सांगितली तशी लिहिली. वाचून दाखवली. ‘वडिलांवर दुसरा वार होत असताना तो थांबवण्यासाठी’ हे शब्द आले तेव्हा मी पुन्हा वाचायला लावलं. एफआयआरची प्रत मोफत मिळते, तिथल्या तिथे मागून घ्या.

त्या रात्रीच्या सीसीटीव्हीसाठी माहिती अधिकारात अर्ज केला होता. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे आणि किमान वर्षभराचं चित्रण ठेवायला सांगितलंय. उत्तर आलं, ‘सदर कालावधीत यंत्रणा नादुरुस्त होती.’ कॉलरचं प्रकरण तिथेच राहिलं. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे जावं का, यावर घरात अजून एकमत नाही. आई म्हणते पुरे झालं.

चुलतभावाची एनसी अजून माझ्या नावावर आहे. माझ्या फिर्यादीत आरोपपत्र गेलंय. पंचनाम्याला पोलीस आले तेव्हा काठी कुठे विचारल्यावर तो म्हणाला, चुलीत घातली. पाईप कुठे विचारल्यावर मी विहिरीवरून आणून दिला, सही केली. आप्पांचा हात मोडल्याच्या खटल्यात मुद्देमाल म्हणून जप्त झालेली वस्तू एकच आहे, आमचा पाईप.