चाल सांगणाऱ्याचा आवाज

गेला महिनाभर कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या रेकॉर्डिंगच्या खोलीत दोनच आवाज चाललेत. दिवसा शाहूपुरीतल्या, भक्तिगीतांना चाली देणाऱ्या अण्णांचा, कॅसेटमधला, पेटीवर चाल सांगतानाचा, आणि रात्री घरी जायच्या आधी हेडफोनवर कॅरोल किंग या अमेरिकन गायिका-संगीतकार बाईचा. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण आता एक ऐकला की दुसरा आठवतो, म्हणून लिहायला बसलोय.

कॅरोल किंग म्हणलं की बहुतेकांना १९७१ चा 'टॅपेस्ट्री' अल्बम माहीत असतो. पण त्याआधी दहा वर्षं ही बाई न्यूयॉर्कात बसून दुसऱ्यांसाठी गाणी करत होती. १६५० ब्रॉडवे या बिल्डिंगमध्ये आल्डन म्युझिक नावाची पब्लिशिंग कंपनी होती, तिथं छोट्या छोट्या खोल्या, खोलीत पियानो, आणि शेजारच्या खोलीत दुसरी जोडी त्याच गायकासाठी गाणं करत बसलेली. कॅरोल चाल लावायची आणि नवरा जेरी गॉफिन शब्द लिहायचा, तोही दिवसा केमिस्टची, म्हणजे रसायनांच्या लॅबमधली, नोकरी करून.

मला त्यांचा १९६० चा एक किस्सा लय आवडतो. कंपनीला शिरेल्स या मुलींच्या ग्रुपसाठी दुसऱ्या दिवशीपर्यंत गाणं पाहिजे होतं. कॅरोलनं चाल केली, टेपरेकॉर्डरवर भरून ठेवली, शेजारी नवऱ्यासाठी चिठ्ठी ठेवली आणि स्वतः माजाँग हा चिनी सोंगट्यांचा खेळ खेळायला गेली. गॉफिन कामावरनं घरी आला, टेप लावली, शब्द लिहिले. ते गाणं म्हणजे 'विल यू लव्ह मी टुमॉरो', जे १९६१ च्या सुरुवातीला अमेरिकेत एक नंबरला गेलं. कॅरोल तेव्हा १८ वर्षांची होती आणि घरात तान्हं पोर होतं. हे वाचल्यावर मला पहिलं काय आठवलं असेल तर माझ्या फोनमधले व्हॉइस नोट. आमच्याकडं येणारा प्रत्येक चाल करणारा माणूस असंच करतो, "हे बघ, शब्द नाहीत अजून, मीटर घे फक्त" (म्हणजे ओळीचं माप) म्हणून ना ना ना करत मुखडा पाठवतो, मागनं एसटीचा हॉर्न, कुकरची शिट्टी, सगळं.

तर गाणं झालं की ते गायकाला, प्रोड्यूसरला ऐकवायला डेमो करायचा. कमी पैशात, कमी वेळात, पियानो आणि आवाज, कधी मागं दोन-तीन वादक, कोरसला परत कॅरोलच. त्याची ॲसिटेट कापायची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या तबकडीवर लॅकरचा थर असतो आणि त्यात सुई खाच पाडते. ही तबकडी मऊ, थोड्या वेळा वाजवली की खरखरायला लागते. म्हणजे मुळात ती टिकावी म्हणून केलेलीच नव्हती, ऐकवायचं आणि गाणं विकायचं एवढंच तिचं काम. एखादा डेमो मात्र तसाच बाजारात आला, बॉबी व्ही या गायकासाठी केलेलं 'इट माइट ॲज वेल रेन अन्टिल सप्टेंबर' हे गाणं १९६२ मध्ये कॅरोलच्याच नावानं निघालं आणि इंग्लंडात तीन नंबरपर्यंत गेलं. पण असं एखादंच. बाकीचे वर्षानुवर्षं पडून राहिले आणि त्यातले १३ शेवटी २०१२ मध्ये 'द लेजंडरी डेमोज' म्हणून अल्बममध्ये आले.

मी तो अल्बम आधी कामाचा माणूस म्हणून ऐकला, अरेंजमेंट कुठं बदलली, टेम्पो किती वाढला हे बघत. 'प्लेझंट व्हॅली संडे' घ्या. मंकीज या बँडनी १९६७ मध्ये केलेलं गाणं सुरू होतं ते गिटारच्या त्या तुकड्यानं, तोच त्याची ओळख. डेमोत तो तुकडाच नाही! तो नंतर प्रोड्यूसर चिप डग्लसनं बसवला. डेमो संथ आहे, आणि त्यामुळं त्या कॉलनीतल्या आखीव आयुष्याबद्दलची तक्रार जास्त जवळची वाटते, कुणी शेजारी खुर्ची ओढून बसून सांगतंय असं. मला मंकीजचं आवडतंच, पण त्या गाण्यात एवढा कंटाळा भरलाय हे मला डेमोनं सांगितलं.

आणि मग 'नॅचरल वूमन'. थोर गायिका अरेथा फ्रँकलिननं १९६७ मध्ये गायलं, त्यावर बोलायची माझी लायकी नाही. पण डेमोत फक्त पियानो आणि ही बाई, आणि गाणं पायरी पायरीनं वर चढत मुखड्याला पोचतं तो चढ तिथंच आहे, पूर्ण. अरेथानं त्या वाटेवर जे केलं ते तिचंच, पण वाट आधी कुणीतरी एकटीनं चालून दाखवली होती. कॅरोलचा आवाज काही फार मोठा नाही. ती गाणं गाजवायला गात नाही, समजवायला गाते, की हे बघ इथं थांब, इथं श्वास घे. मला तो आवाज जास्त धरून ठेवतो, खरं सांगतो.

आपण कोल्हापूरवाले, जगदीश खेबूडकर आपल्या गावचे. 'देहाची तिजोरी' सुधीर फडक्यांच्या आवाजात, 'पिंजरा'तल्या लावण्या उषा मंगेशकरांच्या आवाजात, हे आपल्या कानात पक्कं बसलंय. शब्द ज्यानं लिहिले, चाल ज्यानं लावली, त्यानं ते पहिल्यांदा म्हणून दाखवताना आवाज कुठं हलला असेल, हे कुणाच्या मनातसुद्धा येत नाही. मला आता तेच ऐकायचं असतं.

तर अण्णा. वय ७८. नव्वदच्या दशकात भक्तिगीतांच्या कॅसेटचा सुकाळ होता तेव्हा यांनी पन्नासेक चाली दिल्या. गायचं दुसऱ्यांनी, कव्हरवर फोटो गायकाचा, आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात यांचं नाव, तेही कधी कधी. चाल बसवताना ते घरच्या टेपवर पेटी घेऊन गाऊन ठेवायचे आणि कॉपी गायकाकडं जायची. मूळ कॅसेट घरात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं तेव्हा खालच्या कपाटातल्या ३४ कॅसेट गेल्या असं त्यांनी धरलंच होतं. वाळवून एका पत्र्याच्या डब्यात भरल्या आणि विसरून गेले. डबा माझ्याकडं आला गेल्या महिन्यात, त्यांच्या लेकीनं आणला.

इथं एक सांगतो, कुणाकडं अशा कॅसेट असतील तर त्या टेपमध्ये घालून वाजवू नका. पाण्यानं आवाज पुसला जात नाही, कारण आवाज कॅसेटमधल्या पट्टीवरच्या ऑक्साइडच्या चुंबकत्वात असतो. घात करतो तो चिखल. वाळलेला चिखल हेडवर, म्हणजे पट्टीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, घासला की पट्टी ओरबाडते, मग गेलंच सगळं. आधी कव्हर उघडायचं, स्क्रूवालं असेल तर सोपं, जोडून बंद केलेलं असेल तर ब्लेडनं सांध्यावर फोडायचं. पट्टी ३.८१ मिलिमीटर रुंद, साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये जवळजवळ ९० मीटर, ती सगळी मऊ कापडातनं हळूहळू पुसत नव्या कव्हरात भरायची. त्यानंतर हेडचा स्क्रू किंचित फिरवत बसायचं, जोपर्यंत वरचे सूर खुलत नाहीत. एका कॅसेटला एक अख्खी दुपार जाते. २३ झाल्या. त्यातल्या चार वाजल्याच नाहीत.

सातव्या कॅसेटवर एक गाणं निघालं जे आमच्या भागात काकड आरतीला सगळे म्हणतात. मीही लहानपणापासनं म्हणत आलोय. अण्णांना बोलवून घेतलं, ऐकवलं. त्यांचा पन्नाशीतला आवाज, पेटीचा भाता थोडा गळतोय, अंतऱ्याचे शब्द अजून व्हायचे म्हणून तिथं नुसते विठ्ठल विठ्ठल घालून मीटर भरलेलं. अण्णा खाली मान घालून ऐकत होते आणि दुसऱ्या ओळीला एकदम हात वर केला.

"थांब. मागं घे."

घेतलं.

"ऐकलास? कोमल नी आहे. मी कोमलच दिला होता."

बाजारात कॅसेट निघाली तेव्हा गायकानं तिथं शुद्ध निषाद, म्हणजे तोच नी अर्ध्या सुरानं वर, घेतला होता. अण्णांनी तेव्हाच सांगितलं होतं, पण रेकॉर्डिंग झालेलं, स्टुडिओचे पैसे भरलेले, कुणी ऐकलं नाही, आणि गाव तसंच म्हणायला लागलं. इतकी वर्षं घरच्यांनाही वाटायचं अण्णांच्या लक्षात चुकीचं राहिलंय. मी दोन्ही शेजारी शेजारी लावून बघितलं. कोमल निषादानं ती ओळ खाली झुकते, जणू माणूस उंबऱ्यावर बसलाय, आणि शुद्ध निषादानं ती नुसती पुढं पळते. अण्णांचीच चाल बरोबर आहे, माझ्या मनात जरासुद्धा शंका नाही.

तीन वेळा ऐकलं त्यांनी. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "लेकीला पाठव हे, आजच पाठव."

लेक इचलकरंजीला असते, तिचं बायकांचं भजनी मंडळ आहे. व्हॉट्सॲपवर पाठवलं. परवा तिचा फोन आला होता, पहिल्या दिवशी निम्म्या बायका सवयीनं शुद्धच लावत होत्या, मग तिनं पेटी बंद ठेवली आणि अण्णांचीच टेप लावून त्याच्यामागं म्हणायला लावलं. आता मुखडा आणि पहिला अंतरा बसलाय. दुसरा पुढच्या गुरुवारी.