गडावरच्या पाण्याचं ॲप एफ-ड्रॉइडवर नेताना

आमच्या ट्रेकच्या ग्रुपसाठी मी एक छोटंसं ॲप लिहिलं होतं, कुठल्या गडावर कुठल्या टाक्यातलं पाणी पिता येतं, कुठलं टाकं मार्चनंतर आटतं, वाट कुठून जाते, एवढंच. कोड पहिल्यापासून जीपीएल 3 या मोकळ्या लायसन्सखाली टाकलेला, त्यामुळे माझ्या डोक्यात पक्कं होतं की हे फ्री सॉफ्टवेअर आहे. मग ग्रुपमधला एक मित्र, जो गुगलच्या सर्व्हिसेस नसलेला फोन वापरतो, म्हणाला की एफ-ड्रॉइडवर टाक ना, मला इन्स्टॉल करता येईल. म्हटलं त्यात काय, एका रविवारचं काम. दोन महिने गेले, आणि त्या दोन महिन्यांत जे कळलं ते लिहून ठेवतोय, कारण मराठीत यावर फार काही सापडत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एफ-ड्रॉइड हे अँड्रॉइड ॲप्सचं एक स्टोअर, 2010 पासून चालू आहे आणि तिथे फक्त फ्री सॉफ्टवेअर मिळतं, फ्री म्हणजे फुकट या अर्थाने नाही, तर वापरायला, बघायला, बदलायला आणि वाटायला मोकळं. नेहमीच्या स्टोअरसारखी तयार एपीके, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल, नेऊन दिली आणि झालं असं तिथे नसतं, ते तुमचा सोर्स कोड घेतात आणि स्वतःच्या मशीनवर बिल्ड करतात, म्हणजे त्यातून ॲप तयार करतात. त्यासाठी गिटलॅब या कोड ठेवायच्या साइटवर त्यांचा जो डेटा रेपो (फाइलींचा साठा) आहे त्यात तुमच्या ॲपची एक याम्ल फाइल (साध्या मजकुरातली माहिती) जाते, कुठला टॅग म्हणजे कोडची कुठली आवृत्ती घ्यायची, कसं बिल्ड करायचं, लायसन्स काय, वगैरे. आणि बिल्डच्या आधी बंद कोडचे तुकडे शोधणारा स्कॅनर फिरतो. माझा पहिला प्रयत्न त्या स्कॅनरनेच थांबवला.

ॲपमधला नकाशा गुगलच्या लायब्ररीचा (लायब्ररी म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला, आपण जोडून वापरायचा तयार कोड), लोकेशन गुगलच्या प्ले सर्व्हिसेसमधून, क्रॅश रिपोर्ट (ॲप बंद पडलं की येणारी नोंद) गुगलच्याच फायरबेसमधून. तिन्ही बंद कोडच्या किंवा बंद कोडवर अवलंबून. माझा कोड मोकळा होता पण तो ज्यावर उभा होता ते मोकळं नव्हतं, आणि हे मला तोपर्यंत खरंच लक्षात आलं नव्हतं. लोकेशन सोपं निघालं, अँड्रॉइडचा स्वतःचा लोकेशन मॅनेजर आहे, उघड्यावर जीपीएस त्याने व्यवस्थित मिळतो. क्रॅशसाठी आक्रा ही मोकळी लायब्ररी घेतली, आता क्रॅश झाला की आधी विचारतं, हो म्हटलं तरच मला मेल येतो. नकाशाला मात्र वेळ लागला, शेवटी मॅप्सफोर्ज ही नकाशा दाखवणारी मोकळी लायब्ररी आणि लोकांनी मिळून बनवलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या मोकळ्या नकाशाचा डेटा असं केलं, आणि हे आधीपेक्षा चांगलंच झालं कारण आता नकाशा फोनमध्येच असतो, आणि गडावर रेंज कुठे असते? हवामानाचा टॅब सरळ काढून टाकला, तो ज्या सर्व्हरवर चालायचा त्याचा कोड बंद होता.

एवढं करूनही स्कॅनर परत ओरडला. नकाशावरच्या खुणा एकत्र दाखवणारी एक जुनी लायब्ररी राहिली होती आणि ती स्वतः मागून प्ले सर्व्हिसेस ओढत होती. त्यामुळे सांगतो, ग्रेडलला (ॲप बिल्ड करणारं टूल) डिपेंडन्सीचं, म्हणजे कुठली लायब्ररी कुठल्या लायब्ररीवर उभी आहे त्याचं, पूर्ण झाड छापायला लावा आणि एकदा बसून शेवटच्या फांदीपर्यंत वाचा, कंटाळा येतो पण दुसरा उपाय नाही. अजून एक गोष्ट, अँड्रॉइडचं बिल्ड टूल एपीकेच्या सायनिंग ब्लॉकमध्ये (डिजिटल सही असते तो भाग) डिपेंडन्सीची माहिती एन्क्रिप्ट करून घालतं, ती गुगलशिवाय कुणाला वाचता येत नाही, ते पण ग्रेडलच्या सेटिंगमध्ये बंद करावं लागतं.

पण खरा घाम फुटला तो फाँट आणि फोटोंवर. फाँट मी कॉलेजपासून वापरत आलोय, कुठून तरी ‘फ्री डाउनलोड’ म्हणून घेतलेला, लायसन्सची फाइलच नाही. तो काढून ‘मुक्त’ नावाचा फाँट घेतला, मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या गटाने केलेला, ओपन फाँट लायसन्सखाली, जोडाक्षरं छान दिसतात. फोटो तर ग्रुपमधल्याच लोकांनी दिलेले, व्हॉट्सॲपवर ‘घे रे वापर’ असं म्हणून. तेवढ्यावर नाही चालत, कारण वापर म्हणजे मी वापरू की माझ्याकडून घेऊन अजून कुणीही, आणि पैसे घेऊनही? दोघांनी लिहून दिलं की बिनव्यावसायिक वापरालाच परवानगी. त्यांचा हेतू चांगला होता, कुणी आपल्या फोटोंवर धंदा करू नये म्हणून, पण मोकळेपणाच्या व्याख्येत ‘कुठल्याही कामासाठी’ हे पहिलंच येतं, त्यामुळे ते फोटो ठेवले तर ॲपवर नॉनफ्री ॲसेट्सचा, म्हणजे आतलं काही साहित्य मोकळं नाही असा, शिक्का बसतो. प्रत्येकाला फोन करून सीसी बाय-एसए हे लायसन्स (नाव देऊन आणि त्याच अटींवर कुणीही वापरावं) म्हणजे काय ते समजावलं, एका काकांना तर दीड तास, आणि त्यांनीच मग सगळ्यात जास्त फोटो दिले.

हे शिक्के, तिकडे त्यांना अँटी-फीचर म्हणतात, मला प्रामाणिक वाटतात. जाहिराती आहेत, पाळत ठेवतं, बंद सर्व्हरवर अवलंबून आहे, हे इन्स्टॉल करण्याआधी समोर लिहिलेलं असतं. पण यावर दुसरं मतही आहे. रेप्लिकंट ही पूर्ण मोकळी अँड्रॉइड सिस्टीम करणाऱ्या लोकांचा आक्षेप असा की ग्नू या फ्री सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या सिस्टीम वितरणाच्या नियमांप्रमाणे माणसाला बंद सॉफ्टवेअरकडे नेणारी वाट दाखवायचीच नाही, मग नुसता शिक्का मारून ॲप यादीत ठेवणं कसं बसतं? आधी मला हे फारच ताणलेलं वाटलं होतं, पण स्वतःचा हवामानाचा टॅब काढताना त्यांचं म्हणणं पटलं, शिक्का मारून तो ठेवता आला असता आणि मग तो काढायचा विचारही मी कधी केला नसता. तरी यादीतून सरसकट काढण्यापेक्षा शिक्का बरा असं अजूनही वाटतं, नाहीतर माझ्या मित्रासारख्या माणसाकडे वापरायला फार थोडं उरेल.

आणि एकदा स्वीकारलं म्हणजे संपलं असंही नाही. परवा एका लायब्ररीचं नवीन व्हर्जन घेतलं आणि तिने ट्रॅकिंगचा तुकडा सोबत आणला, आता प्रत्येक टॅगच्या आधी स्कॅनर माझ्याच मशीनवर चालवतो, मगच नवीन व्हर्जन बाहेर सोडतो.

सध्या अकरा फोटोंची परवानगी बाकी आहे, त्या टाक्यांच्या जागी नुसतं वर्णन ठेवलंय. दिवाळीनंतर राजगडला जाणार आहोत, पद्मावती माचीवरचे तरी स्वतःच काढून आणतो.