सिएटलच्या नगरसभेत एक दुपार

सिएटलला गेलेला माणूस पाईक प्लेस मार्केटमध्ये मासे फेकणाऱ्यांचे फोटो काढतो आणि स्पेस नीडलवर चढतो. मीही ते केलं. पण मला खरं बघायचं होतं ते सिटी हॉल, म्हणजे जातीवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध कायदा जिथे झाला ती नगरसभेची इमारत. "मावशी, तिथे काय बघणार? आम्ही इतकी वर्षं राहतोय, कधी पाय ठेवला नाही," भाची म्हणाली आणि शेजारच्या बेलव्ह्यू शहरातून सुटणाऱ्या 550 नंबरच्या बसचा थांबा दाखवून ऑफिसला गेली.

बस लेक वॉशिंग्टनवरून गेली. इथला पूल पाण्यावर तरंगतो, कारण तळं इतकं खोल आहे की खांब रोवण्यापेक्षा सिमेंटच्या पोकळ पेट्या तरंगत ठेवून त्यावर रस्ता नेणं सोयीचं पडलं. बसमध्ये बसल्यावर यातलं काहीच जाणवलं नाही.

सिटी हॉल चौथ्या आणि पाचव्या अव्हेन्यूच्या मधल्या उतारावर आहे. चढ असा की माझ्या गुडघ्यांनी हार मानली. इमारत काचेची. तपासणी आटोपून सभागृहात शिरले तर कुणी विचारलंसुद्धा नाही की बाई, तुम्ही कोण. दर मंगळवारी दुपारी दोनला सभा भरते आणि कुणीही येऊन बसू शकतो. आपल्याकडे महापालिकेच्या प्रेक्षक गॅलरीत शिरायला पास लागतो, आणि पासासाठी ओळख.

सभेची सुरुवात लोकांच्या बोलण्याने होते. नाव नोंदवायचं, माइकपाशी जायचं, दोन मिनिटं बोलायचं. गर्दी असली तर एकच मिनिट. दहा सेकंद उरली की टिंग वाजतं आणि वेळ संपली की माइक बंद. मी गेले त्या दिवशी, सप्टेंबर 2024 मध्ये, कुणी पोलिसांवर बोललं, कुणी घरभाड्यावर. एक आजोबा टिंग वाजल्यावर चिडले आणि उरलेली दहा सेकंद त्यांनी त्या टिंगवरच खर्च केली.

मी इथे आले होते ते 21 फेब्रुवारी 2023 च्या दुपारसाठी. त्या दिवशी याच खोलीत सिएटलने भेदभावविरोधी कायद्यात जातीचा समावेश केला. अमेरिकेतल्या कुठल्याही शहरात हे पहिल्यांदाच झालं. प्रस्ताव नगरसेविका क्षमा सावंत यांचा: जन्म पुण्यातला, बालपण मुंबईतलं. बोलायला तीनशेवर लोकांनी नावं दिली होती, त्यातल्या साधारण निम्म्यांनाच वेळ मिळाला. मतदान 6 विरुद्ध 1 झालं आणि सभागृहात 'जय भीम'च्या घोषणा झाल्या. विरोधातलं एकमेव मत नगरसेविका सारा नेल्सन यांचं. प्रश्न किती मोठा याची आकडेवारी कुठे आहे, असा त्यांचा मुद्दा होता. काही हिंदू संघटनांचं म्हणणं होतं की आधीचे कायदे पुरेसे आहेत, या कायद्याने एकाच समाजाकडे बोट दाखवलं जातं. मी गेले तेव्हा सारा नेल्सनच अध्यक्षांच्या खुर्चीत होत्या.

याच नगरसभेने त्याआधी, 3 फेब्रुवारी 2020 ला, भारताच्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध एकमताने ठराव केला होता. तोही सावंतांनीच आणलेला. आठवड्याभरात अमेरिकेतल्याच केंब्रिज शहरानेही तसाच ठराव केला. तेव्हा आमच्या ग्रुपवर टवाळी झाली होती: कचरा आणि वाहतूक बघायची सोडून यांना दिल्लीची चिंता! टवाळीचं मला वावडं नाही, आणि यातली निम्मी मला पटतेही. परदेशाबद्दलच्या ठरावाने नगरसेवकाचं काही जात नाही. खर्च नाही, अंमलबजावणी नाही, मतदार दुखावण्याची भीतीही फारशी नाही, म्हणून तो एकमताने होतो. जातीच्या कायद्याचं तसं नव्हतं. तो याच शहरातल्या नोकऱ्यांना आणि भाड्याच्या घरांना लागू होणार, तक्रार आली तर शहराच्याच कार्यालयाला चौकशी करावी लागणार. म्हणूनच त्यावर भांडण झालं. तरीही आमच्याकडच्या बऱ्याच मंडळींनी दोन्ही प्रकरणं 'भारताच्या भानगडीत नाक खुपसणं' म्हणून एकाच पिशवीत घातली. मला ते मुळीच पटत नाही. दुसरं प्रकरण भारताचं नव्हतंच, ते सिएटलचं होतं.

बाबासाहेबांनी मे 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात जातीवर निबंध वाचला, त्यात ज्ञानकोशकार केतकरांचा दाखला आहे: हिंदू जगात इतरत्र गेले तर जात हा जगाचा प्रश्न होईल. केतकर स्वतः अमेरिकेतच, कॉर्नेलला शिकलेले. दोन मराठी माणसांनी अमेरिकेत अभ्यास करून जे म्हटलं, ते अमेरिकेतल्या एका शहराच्या पटलावर यायला शंभरावर वर्षं गेली.

रात्री जेवताना भाचीला हे सगळं सांगितलं. ती भात वाढता वाढता म्हणाली, "आमच्याकडे नवीन देशी माणूस आला की पहिल्या पाच मिनिटांत आडनाव, मग गाव, मग 'म्हणजे तुम्ही कोण?' ऑफिसातही आणि घर शेअर करतानाही."

"मग आता कायदा आहे ना?"

"सिएटलचा आहे, मावशी. तळ्याच्या पलीकडचा. मायक्रोसॉफ्ट रेडमंडला, आम्ही बेलव्ह्यूला. देशी लोक जास्त राहतात ते अलीकडे."